खांबापाशी मिळालेलं उत्तर

सलामांकाच्या विद्यापीठात आंतोलीन बेर्रुएकोला सगळे 'डॉक्टर केरसुणी' म्हणायचे. त्याला त्याचा राग नव्हता. उलट बाजारात कुणी नुसतं आंतोलीन म्हणून हाक मारली, की त्याला उगीच पदवी काढून घेतल्यासारखं वाटायचं.

त्याचं काम म्हणजे धर्मशास्त्राचा मोठा वर्ग उघडायचा, झाडायचा, बसायचे ओंडके रांगेत लावायचे. हिवाळ्यात तास सुरू होण्याआधी विद्यार्थी ऊब यावी म्हणून पाय आपटायचे, आणि वर्षभराची धूळ वर उडून आंतोलीनच्याच डोक्यावर बसायची. मग तो दाराआड तिवईवर बसून तास ऐकायचा. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण पिठाच्या गिरणीत उभं राहिलं की अंगावर पीठ बसतंच, तसं बावीस वर्षांत त्याच्या अंगावर लॅटिन बसलं होतं.

त्या सगळ्यात त्याचा जीव एकाच प्रकरणावर. माणसाच्या आत देवानं एक कायदा घालून ठेवलाय. तो राजाच्या कायद्याच्या आधीचा. राजाचा कायदा त्याच्याशी फटकून वागला, तर तो कायदाच नव्हे, नुसती दांडगाई. हे पहिल्यांदा नीट कळलं त्या दिवशी आंतोलीन धावत घरी गेला आणि त्यानं बायकोला सांगितलं. बायको हरभरे निवडत होती. ती म्हणाली, हे तर मला माहीतच होतं, याला विद्यापीठ कशाला लागतं. बायको पुढं दोन वर्षांनी वारली, पण हा मुद्दा काही आंतोलीनला खोडता आला नाही.

नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी मात्र त्याचं वजन ओळखलं होतं. शेजाऱ्याच्या झाडाचा अक्रोड आपल्या अंगणात पडला तर तो कुणाचा, मालकानं जबरदस्तीनं घ्यायला लावलेली शपथ मोडली तर पाप लागतं का, असले खटले त्याच्यापुढं चालायचे. आंतोलीन केरसुणीवर हनुवटी टेकून निकाल द्यायचा. फीबद्दल एखादा भाजलेला कांदा मिळायचा.

तास संपला की प्राध्यापकानं बाहेर अंगणातल्या खांबापाशी उभं राहायचं आणि ज्याला जी शंका असेल ती फेडायची, असा आमच्या विद्यापीठाचा दंडक. बरेच प्राध्यापक त्या वेळी नेमके खोकायला लागतात. धर्मशास्त्र शिकवणारे मठातले साधू फ्राय बेर्नाल तसले नव्हते. थंडीत झग्यात हात खुपसून ते शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत उभे राहायचे, आणि मंदातला मंद पोरगाही तिथून मान ताठ करून जायचा. आंतोलीनचं दैवतच होतं ते. पण बावीस वर्षांत त्यानं स्वतः खांबापाशी तोंड उघडलं नव्हतं. झाडणाऱ्यानं शंका विचारू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती, एवढंच.

पंधराशे चाळिसात पावसानं पाठ फिरवली. हिवाळ्यात राय धान्याच्या काळ्या पावात लोक झाडाची साल कुटून घालायला लागले. आंतोलीनची भाची ओलाया विधवा, पदरात दोन मुली. तिच्या घरासमोरच डॉन सुएरो या बड्या धनिकाचं कोठार, गव्हानं गळ्यापर्यंत भरलेलं. भाव आणखी चढेपर्यंत कुलूप. एके दिवशी ओलाया मामाकडं आली. धाकटी दोन दिवस उठली नव्हती.

"मामा, तुम्ही शिकलेल्या माणसांत बसता," ती म्हणाली. "घेतलं तर चोरी होते का, तेवढं सांगा."

इतर वेळी आंतोलीननं हनुवटी टेकून जागच्या जागी सांगितलं असतं. पण भाचीच्या बाबतीत त्याला स्वतःचा भरवसा वाटेना. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तो केरसुणी भिंतीला लावून खांबापाशी रांगेत उभा राहिला. पोरं खिदळली. फ्राय बेर्नाल हसले नाहीत. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून साध्या बोलीत सांगितलं, "जीव जायची वेळ आली की जमिनीचं पीक सगळ्यांचं होतं, आंतोलीन. मग घेणारा चोर नव्हे. गरजेनंच ते त्याचं झालेलं असतं." वर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो खांदा आंतोलीननं चार दिवस जपून वापरला.

ओलायाला त्यानं उत्तर शब्दन् शब्द सांगितलं, आणि शेवटी स्वतःच्या पदरची एक ओळ जोडली. म्हणाला, लपूनछपून जाऊ नकोस. लपतो तो चोर, तू समोरच्या दारानं जा. हे काही फ्राय बेर्नाल बोलले नव्हते.

ओलाया भर दुपारी गेली. हमाल आत पोती हलवत होते, दार उघडंच होतं. तिनं अर्धं पोतं गहू डोक्यावर घेतला आणि कारभाऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, हे मी चोरत नाहीये, गरजेनं हे माझं झालंय, खात्री नसेल तर विद्यापीठात विचारा. कारभारी इतका चक्रावला, की ती घरी पोचून गहू शिजायला लागल्यावरच त्याला ओरडायचं सुचलं.

गल्लीत मिटण्यासारखं हे नव्हतं. प्रकरण थेट नगरन्यायाधीशापुढं गेलं. चोरीला शिक्षा ठरलेली: उघड्या पाठीनं गाढवावरून धिंड आणि शंभर फटके. आंतोलीननं अर्ज केला, की धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवा, त्यांनी स्वतः सांगितलंय. न्यायाधीश सभ्य माणूस होता, त्यानं निरोप धाडला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आंतोलीन मठात जाऊन फ्राय बेर्नालना भेटला. त्यांनी त्याला बसवलं, वाइन दिली, सगळी चौकशी केली. मुली कशा आहेत, घरात विकण्यासारखं काही आहे का. आंतोलीननं मोकळेपणानं सांगितलं, ओलायाच्या आईचं एक तांब्याचं पातेलं सोडलं तर घरात उंदरालाही आसरा नाही. फ्राय बेर्नालनी मान हलवली. तो निघाला तेव्हा ते त्याला दारापर्यंत सोडायला आले.

आता एक गोष्ट आंतोलीनला माहीत होती, पण तिचा इथं संबंध असेल असं त्याच्या मनात आलं नाही. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाची सगळ्यात मोठी गादी त्या महिन्यात रिकामी झाली होती. आमच्याकडं गादी विद्यार्थ्यांच्या मतांवर मिळते. आणि शे-दीडशे विद्यार्थी डॉन सुएरोच्या घरांत भाड्यानं राहायचे, त्याच्याच भट्टीतला पाव खायचे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फ्राय बेर्नाल शांतपणे उभे राहिले. म्हणाले, सिद्धान्त मी सांगितला तो खरा. पण इथं फरक करायला हवा. जीव जायची वेळ वेगळी, आणि नुसती बिकट वेळ वेगळी. ज्या घरात विकायला तांब्याचं पातेलं आहे, तिथं शेवटची वेळ आलेली नसते. शिवाय खांबापाशी बोललो ते शिकवण्यापुरतं. भाबड्या माणसानं ते बाजारात नेलं, याचं मला वाईट वाटतं.

ओलाया पातेल्याचं नाव ऐकून मामाकडं बघायला लागली.

आंतोलीन उठला. हनुवटी टेकायला केरसुणी नव्हती, पण लॅटिन लटपटलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, ख्रिसमसच्या आधीच्या शेवटच्या तासाला फ्राय बेर्नालनीच सांगितलेलं त्यानं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच चढउतारांसकट म्हणून दाखवलं: बुडणाऱ्याला हात द्यायला तो तळाला पोचायची वाट बघायची नसते, मरण दिसायला लागलं की तीच शेवटची वेळ. कचेरीतले कारकून आधी थक्क झाले, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. न्यायाधीशही हसला, जरा दयेनं.

"पाठांतर उत्तम आहे," फ्राय बेर्नाल म्हणाले. "अर्थ लावायला मात्र झाडण्यापेक्षा थोडं जास्त शिक्षण लागतं, आंतोलीन."

एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला लावून बोललेला तेवढा एकच शब्द.

न्यायाधीशानं वीस फटके माफ केले. बाकीचे पडले. पुढं दवंडीवाला, मागं गाढव. चौक आला की धिंड थांबायची, दवंडीवाला ओरडायचा, की हा राजानं या बाईला चोरीबद्दल केलेला न्याय आहे, आणि मग फटके. आंतोलीन लोकांच्या पाठीआडून चालत होता. बाजारात दवंडी झाली, मोठ्या चर्चपुढं झाली, डॉन सुएरोच्या दारात जरा सावकाश झाली, विद्यापीठासमोर झाली. तिथं दुपारच्या तासाची घंटा वाजली. आंतोलीन आत गेला, त्यानं वर्ग उघडला.

आठवड्यानं फ्राय बेर्नालना गादी मिळाली. विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावरून मिरवलं.

ओलायाच्या दारात आंतोलीन तीनदा जाऊन आला. थोरली दार उघडायची आणि आई झोपलीय म्हणायची. चौथ्यांदा ओलाया स्वतः उंबऱ्यात आली, पाठ भिंतीला न टेकता उभी राहिली.

"त्या पाद्र्याला मी ओळखत नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं. आता पुन्हा विचारते. चोरी होती का?"

"नव्हती."

"अजून नाही?"

"कधीच नव्हती, बाई."

"मग दवंडीवाल्यानं जिथं जिथं मला चोर म्हटलं, तिथं तिथं जाऊन हे सांगा. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं."

आंतोलीन दुसऱ्या दिवशी भर उजेडात निघाला. बाजारात उभं राहून म्हणाला, ओलायानं चोरी केली नाही. कोबीवाल्या बायकांनी क्षणभर हात थांबवले. चर्चपुढं एका भिकाऱ्यानं त्याला जागा करून दिली, तो नव्यानं धंद्यात आला असावा म्हणून. डॉन सुएरोच्या दारात कारभाऱ्यानं वरून पाणी ओतलं. विद्यापीठासमोर आला तेव्हा तास नुकताच सुटला होता आणि फ्राय बेर्नाल खांबापाशी उभे होते, भोवती दुप्पट गर्दी. आंतोलीन ओल्या अंगानं फाटकात थांबला. लॅटिन त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि बोलीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ओलायानं चोरी केली नाही. फ्राय बेर्नालनी त्याच्याकडं पाहिलं. मग ते पुढच्या विद्यार्थ्याकडं वळले आणि म्हणाले, हं, तुमची शंका?

संध्याकाळच्या आत त्याच्याकडच्या किल्ल्या परत घेतल्या गेल्या.

तो तसाच ओलायाकडं गेला आणि उंबऱ्याबाहेर बसला. सगळं सांगितलं, पाणी ओतल्याचं तेवढं गाळलं. तिनं विचारलं, कुठं कुठं गेलात. त्यानं चारी जागा सांगितल्या.

"पाच होत्या," ओलाया म्हणाली. "शेवटची पुलाच्या तोंडाशी. तुम्ही तेव्हा नव्हता."

आंतोलीननं मान खाली घातली. मग म्हणाला, "पुलाशी त्या वेळी कोण असणार? बघायला तरी कुणी होतं का तिथं?"

"मी होते," ती म्हणाली.

आंतोलीन गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पुलाकडं चालायला लागला.