पाण्यातलं मीठ कुठं जातं

मला माझ्या घरी जायचं होतं. अकोल्याला, माझ्या कूलरसमोर, माझ्या खुर्चीत. आणि माझी मुलगी म्हणत होती, पाऊस पडेपर्यंत अमरावतीतून हलायचं नाही. आमच्या दोघांत जे काही झालं ते एवढ्यावरून झालं.

मी पस्तीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात वकिली केली, म्हणजे पस्तीस वर्षं बोललो. मागच्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला अन् नागपुरात माझं स्वरयंत्र काढून टाकलं. आता मानेच्या पायथ्याशी एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो. जो भेटतो तो हळहळतो, वकीलसाहेब, आवाज गेला हो तुमचा. अरे बावा, आवाजाचं सोड, माझं नाक गेलं त्याचं काय? चेहऱ्यावर आहे तसंच आहे, पण आता फक्त चष्मा ठेवायला. बाहेरची हवा ओली करायची, गाळायची अन् मग आत सोडायची, हे काम नाक जन्मभर करत होतं अन् मला त्याचा पत्ताही नव्हता. आता वऱ्हाडातली मे महिन्याची हवा जशी आहे तशी थेट छातीत जाते. आतला कफ वाळतो, त्याची खपली धरते. खपली अडकली की श्वास अडकतो. डॉक्टर म्हणाले, हवा ओली ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी नळी बुजेल.

आता बोला! जिथं टॉवेल पिळून दोरीवर टाकला की माणूस घरात जाईपर्यंत तो वाळतो, तिथं म्हणे हवा ओली ठेवा.

बायको जाऊन काही वर्षं झाली, अकोल्याला मी एकटाच. म्हणून मार्च संपता संपता मुलीनं मला उचलून अमरावतीला आणलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडक्यांना पक्क्या काचा, बाहेर कूलर ठेवायला सोसायटीची मनाई, आत एसी. एसी काय करतो, तर हवेत होती नव्हती तेवढी ओल ओढून घेतो अन् नळीनं गॅलरीतल्या बादलीत थेंब थेंब टाकतो. ‘त्या बादलीत माह्या छातीतलं पाणी जमा होऊन राहिलं,’ असं मी पाटीवर लिहून मुलीला दाखवलं. लहान पोरांची असते ना, बटण दाबलं की पुसली जाणारी, ती पाटी माझ्या गळ्यात असते. मुलगी म्हणाली, "बाबा, नाटकं करू नका." पण दुसऱ्या दिवशी एसी बंद.

मग तिचे प्रयोग सुरू झाले. आधी दारांना ओल्या चादरी. तासाभरात पापडासारख्या कडक. मग सर्दीला वाफ घ्यायचं भांडं आणून खोलीत लावलं. हवा ओली व्हायची, खोटं कशाला बोलू, पण बाहेर आग अन् आत उकळतं पाणी! मी बनियनवर हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये येरझारा घालायचो. दहा वाजता ऊन चढलं की पाच वाजेपर्यंत खाली उतरायची सोय नाही. ना कोणाशी भांडता येत, ना फोनवर ओरडता येत. जीव नुसता कातावून जायचा.

शेवटी तिनं एक मशीन मागवलं. पांढरं, भोपळ्याएवढं. आत एक चकती असते, ती इतक्या वेगानं थरथरते की पाण्याचं धुकंच होतं. आवाज नाही, गरमी नाही. मुलगी असली खूश झाली की विचारू नका. हवेतला ओलावा दाखवणारं छोटं यंत्र तिनं टेबलावर ठेवलं अन् त्यातला आकडा चढला की मला हाक मारून दाखवायची. "पाहा बाबा, आता तं मान्य कराल?" मी मान्य केलं. दोन-तीन दिवस खपली मऊ निघाली, खोकला कमी झाला. दिवसातून तीनदा ती मशीन भरायची. प्यायचं पाणी फिल्टरचं, अन् फिल्टर निम्मं पाणी वाया घालवतो, म्हणून मशीनला बोअरचं. मे महिन्यात कोणीही शहाणी बाई हेच करेल.

मग एके सकाळी चष्मा पुसताना त्यावर पांढरी भुकटी दिसली. टीव्हीवर बोट फिरवलं, तिथंही तीच. खिडक्या तर बंद, धूळ आली कुठून? बोट जिभेला लावलं. खारट, कडवट.

ती चव ओळखायला मला वेळ लागला नाही. आमच्याकडं खारपाण पट्टा, बोअरचं पाणी कसं असतं ते सांगायला नको. दर वर्षी उन्हाळा संपला की मी कूलरच्या गवताच्या ताट्या उतरवतो, तेव्हा गवतावर हाच पांढरा थर असतो, काडीनं खरवडावा लागतो. कूलरचं पाणी गवतावरून वाळत जातं, नुसतं पाणी हवेत जातं, मीठ गवताला धरून बसतं. वाफेच्या भांड्यातही तसंच, मीठ तळाशी राहतं. हे मशीन पाणी वाळवत नाही, ते पाणी फोडून फेकतं, मिठासकट. धुकं हवेत वाळलं की मीठ तरंगत राहतं. ज्यांना नाक आहे त्यांचं ठीक आहे. मी ते सरळ भोकातून आत ओढत होतो.

दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथं पाटीवर लिहून मोकळा झाला असता, की बाई, यात फिल्टरचं पाणी टाक. उपाय एवढाच होता, अन् तो मला त्याच मिनिटाला कळला होता.

पण मी पडलो वकील. उपाय सांगितला की मशीन राहणार, मशीन राहिलं की मी अमरावतीत राहणार. उलट मशीन घातक आहे हेच सिद्ध केलं, तर उरतो कूलर, अन् कूलर अकोल्याला. बस्स, डोक्यात केस उभी राहिली.

चार दिवस मी पुरावा गोळा केला. टेबलाखाली काळं फडकं अंथरलं, पडलेली भुकटी त्यावर दिसावी म्हणून. टीव्हीवरची भुकटी पोस्टकार्डानं ओढून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरली. खोकला वाढला, तर कोणत्या वेळी किती ते लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कफात रक्ताची रेघ आली. भीती वाटली, नाही असं नाही. पण मी तेही वेळेसकट लिहिलं. मुलगी बिचारी माझा खोकला ऐकून मशीनचं धुकं आणखी वाढवायची.

रविवारी सकाळी, जावई घरी असताना, मी दोघांना सोफ्यावर बसवलं अन् केस मांडली. पाटीवर एक मुद्दा, दाखवला, पुसला, पुढचा मुद्दा. फडकं ठेवलं. डबी ठेवली. खोकल्याचा कागद ठेवला. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं, खरंच सांगतो. जावई हळूच उठून आत गेला.

मुलीनं डबीत बोट घातलं. बोटाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "हे पाणी मीच भरलं ना बाबा. तीन-तीनदा. माह्या हातानं."

अन् मशीन उचलून स्वयंपाकघरात गेली. लिंबाची फोड घेऊन ती चकती घासायला लागली. नळ सुरू, पाठ माझ्याकडं. खांदे हलत होते. मी मागं जाऊन उभा राहिलो, खांद्यावर हात ठेवला. तिनं खांदा सोडवून घेतला. "राहू द्या बाबा. काही लिहू नका आता. मी नाही वाचत."

वळलीच नाही. पाठमोऱ्या माणसाला पाटी काय दाखवणार? पाठमोऱ्या माणसाशी फक्त आवाज बोलतो. ‘अवं बाई, ऐक तं खरं,’ एवढं म्हणायला कोणालाही जमतं. मला नव्हतं जमत. आतून नुसता जळत होतो, कारण ती ज्या चुकीसाठी रडत होती ती तिची नव्हतीच, माझी होती.

मी पाटीवर लिहिलं, ‘मले चार दिवसांपासून मालूम होतं. घरी जायचं होतं म्हणून सांगितलं नाही.’ पाटी छातीशी धरली अन् खोकललो. मुद्दाम. चांगला मोठा, घुसमटल्यासारखा.

ती गर्रकन वळली. हातातलं मशीन सिंकमध्ये पडलं. आधी माझ्या भोकाकडं पाहिलं, तसाच ओला हात खपली काढायच्या चिमट्याच्या डब्याकडं गेला, मला खुर्चीत दाबून बसवायला लागली. मग तिला पाटी दिसली. दोनदा वाचली असावी.

मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं, मी खाल्ली असती बोलणी.

"खोकला खोटा होता?" तिनं विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

ती तिथंच फरशीवर बसली, चिमटा हातात धरून. "जा तुमी अकोल्याले," ती म्हणाली. "उद्याच सोडून देते. पण मले एक सांगा बाबा. मी आंघोळीला गेली तरी नळ बंद करून ऐकते, तुमी खोकलले का म्हणून. आता पुढच्या वेळेले खोकलले, तं मी धावू का नको?"

मी बटण दाबून पाटी पुसली. केस मी जिंकलो होतो. पण माझा श्वास अडकला तर कोणाला बोलवायला माझ्याजवळ त्या खोकल्याशिवाय दुसरं काहीच नाही.