जिन्याखालचा ताबा

परवा पंचवटीतल्या एका गल्लीतून येत होते. थंडी सरत आली होती, तरी सकाळी शाल काढावीशी वाटत नव्हती. एका घराच्या कडेला हातगाडी लावून कोणीतरी कोळशाच्या इस्त्रीने धोतर दाबत होतं. पाण्याचा हबका मारलेल्या सुती कापडावर तापलेली इस्त्री फिरली की जो वास सुटतो ना, ओलसर, किंचित करपलेला, स्वच्छ, तो नाकात शिरला आणि मी चालायचीच थांबले. मागून स्कूटरवाला म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा की जरा." झाले बाजूला. पण तिथून हलायला काही पाय तयार होईनात. हल्ली आमच्याकडे कपडे घडी होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतात. त्यांना वास नसतो, असलाच तर कसल्याशा अत्तराचा. घरी आल्यावर दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

आमचं घर गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला होतं. वडिलांनी बांधलेल्या चार खोल्या, वर गच्ची, आणि गच्चीवर जायला बाहेरून जिना. कॉलनीत सगळे त्याला बंगला म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. जिन्याखाली तिरकी जागा होती. तिथे मोडकी सायकल, नारळाच्या शेंड्या आणि एक पाल असे तिघे राहत. मला शाळेच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली त्याच वर्षी सटाण्याकडचा एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. काखेत घोंगडी, हातात पितळी इस्त्री. जिन्याखाली टेबल टाकू का, म्हणून आईला विचारलं. आई म्हणाली, "टाका. पण धूर घरात आला तर उठवीन." सव्वीस वर्षं धूर रोज घरात येत होता आणि आईने त्यांना एकदाही उठवलं नाही.

आई त्यांना भाऊ म्हणायची, मीही भाऊच म्हणत असे. ते आईला बाई म्हणत, मला ताई. बोलणं अगदी बेताचं. पण त्यांचं एक तंत्र होतं, ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. इस्त्रीआधी ते प्रत्येक खिसा चाचपून बघत. बसचं तिकीट, वाण्याची यादी, तुटलेलं बटण, जे सापडेल ते टाचणीने त्याच कपड्याला लावून परत देत. आणि लिहिलेला कागद असेल तर अक्षरं आत जातील अशी घडी घालून लावत, आपण वाचलेलं नाही हे समोरच्याला कळावं म्हणून. एकदा माझ्या कुडत्याच्या खिशात एक पत्र राहिलं होतं. कोणाचं ते आता सांगण्यात अर्थ नाही, ते प्रकरण तिथेच संपलं. पण ती उलटी घडी बघून मला कॉलनीभर मिरवलेल्या माझ्या अब्रूची पहिल्यांदा शाश्वती वाटली. असा माणूस शेजारी असला की दाराला कडी नसली तरी चालते.

दुसरी गोष्ट आखाजीची. अक्षय्य तृतीयेला त्यांच्या बागलाणात आखाजी म्हणतात, आणि आखाजीला ते पंधरा दिवस गावी जात. निघायच्या आदल्या दिवशी टेबल उचलून भिंतीला उभं करायचे, कोळशाची राख काढायचे, दोन बादल्या पाणी ओतून फरशी खराट्याने घासायचे. मग हात पुसत आईसमोर येऊन म्हणायचे, "बाई, तुमनी जागा तुमले दिधी." आई गंभीरपणे म्हणायची, "मिळाली." परत आले की टेबल लगेच मांडायचे नाहीत. आधी फाटकात उभे राहून विचारायचे, बसू का. आई म्हणायची, बसा. मी तेव्हा तरुण आणि शहाणी होते, म्हणजे शहाणपण नावाला. एकदा मी हसून विचारलं, हे नाटक कशाला दरवर्षी? ते म्हणाले, "ताई, दुसरानी जागावर बारा महिना बसं का मन म्हणस, आपलीच शे. मनले सांगनं पडस." वर्षातून एकदा मनाला सांगावं लागतं, एवढंच. मी खांदे उडवून कामाला लागले.

आई गेली. मी एकटीच वारस. तीन वर्षांत घराने माझा पिच्छा पुरवला. गच्ची गळायची, भिंतींना ओल, माझे गुडघे जिना चढू देईनात. बिल्डर आला, म्हणाला, इमारत बांधू, तुम्हाला वर फ्लॅट देऊ. हो म्हणण्यावाचून मला इलाज नव्हता. त्याची एकच अट होती, जागेवर दुसऱ्या कोणाचा ताबा असता कामा नये. सीबीएस स्टँडजवळ कोर्टासमोर एका वकिलांचं ऑफिस होतं, तिथे गेले. तीस वर्षं शाळेत लोकांचे दाखले लिहिलेली बाई मी, मला वाटलं कागदाला काय घाबरायचं. वकील तरुण आणि अतिशय अदबशीर. त्यांनी विचारलं, "मॅडम, जिन्याखालचे ते गृहस्थ कोण आहेत?" म्हटलं, इस्त्रीवाले. "ते कळलं. पण कायद्याने कोण आहेत?"

आता काय सांगायचं? त्यांनी विचारलं, भाडं देतात का. म्हटलं, छे. मग फुकट बसतात? तसंही नाही, म्हटलं, आईच्या साड्या आणि माझे कपडे ते फुकट इस्त्री करतात. वकिलांनी लिहून घेतलं, "म्हणजे मोबदला आहे. मग भाडेकरू ठरू शकतात." मी घाईघाईने म्हटलं, पण आई दोन वेळा चहा द्यायची त्यांना, दिवाळीला धोतरजोडी. वकिलांचा चेहरा पडला. "मग उद्या तुमचे नोकर होतो असंही म्हणू शकतील." आणि दोन्ही नसतील तर? तर नुसता ताबा, म्हणाले, आणि उघड, अखंड, बारा वर्षांच्या वर ताबा म्हणजे... जागा त्यांचीच, हे पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. माझं डोकं गरगरायला लागलं. माझ्या आईने एका माणसाला जिन्याखाली बसू दिलं, चहा पाजला, तर त्यातून भाडेकरू, नोकर आणि कब्जेदार अशी तीन माणसं निघाली आणि भाऊ त्यांतले कोणीच नव्हते. पाहुणा असा काही प्रकार कायद्यात असतो का, मी विचारलं. त्यांनी हसून पाणी मागवलं.

मग त्यांनी सोप्या शब्दांत मांडलं. भाऊ भाडेकरू ठरले तर नव्या इमारतीत रस्त्याच्या बाजूला त्यांना गाळा द्यावा लागेल, माझ्या वाट्यातून. आईच्या परवानगीने बसलेले ठरले तर काही नाही, टेबल उचलायचं नि निघायचं. आणि याचा निकाल लागेपर्यंत बिल्डर सही करणार नाही. एवढं तरी मला कळलं. पण मला काय व्हायला हवंय, ते कळेना. भाऊंना गाळा मिळावा असं वाटत होतं आणि तो माझ्या वाट्यातून जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, तितक्याच खरेपणाने. लाज वाटायची ती दुसऱ्याच क्षणी.

आणि मग मी एक गोष्ट बोलून गेले. वकिलांच्या तोंडून पुन्हा एकदा अखंड हा शब्द आला, तेव्हा शाळेतल्या हुशार मुलीसारखी मी म्हटलं, अखंड कुठे, दर आखाजीला ते जागा परत देतात की. वकिलांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा सांगा, म्हणाले. मी सांगितलं, फरशी घासणं, दिधी, मिळाली, बसू का, बसा. ते खुर्चीत पुढे सरकले. "याला काही पुरावा?" पुरावा होता. आई दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, त्याच चौकटीत बाकीचंही. आणि जुनी कॅलेंडरं ती टाकत नसे, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरायची.

एक अख्खी दुपार मी जमिनीवर बसून डबे उतरवले. चौदा वर्षांची कॅलेंडरं निघाली, तेलाचे डाग पडलेली. वैशाखाच्या पानावर आईचं बारीक अक्षर, "भाऊ गावी. जागा दिली." पुढे दोन आठवड्यांनी, "भाऊ आले. बसले." मध्येच, "सिलिंडर." "हिला ताप." ही म्हणजे मी. आईचं अक्षर इतक्या दिवसांनी बघून मला रडूही आलं आणि आनंदही झाला, आणि त्या आनंदाच्या भरात मी ती सगळी कॅलेंडरं पिशवीत घालून वकिलांकडे पोचवून आले. परतताना रिक्षात, मॅरेथॉन चौकाच्या सिग्नलला, मला पहिल्यांदा उमगलं की मी काय करून आले. भाऊंनी सव्वीस वर्षं पाळलेला सभ्यपणा मी त्यांच्याच विरुद्ध नेऊन दिला होता. गुपचूप टेबल तिथेच ठेवून ते गावी गेले असते तर आज त्यांना गाळा मागता आला असता.

दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन केला. म्हटलं, मी माझ्या खुशीने त्यांना जागा देऊ शकत नाही का? देऊ शकता, म्हणाले, पण आधी हक्क नसल्याची सही घ्या, मग काय द्यायचं ते द्या. हे 'मग' मला फार आवडलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं मी ते धरून बसले.

कागद तयार झाला. जिन्याखाली उभं राहून मीच तो भाऊंना वाचून दाखवला. लिहून देणार म्हणजे ते, लिहून घेणार म्हणजे मी. सदर जागा मी दरवर्षी रिकामी करून मालकांच्या स्वाधीन करीत असे व त्यांची परवानगी घेऊनच पुन्हा बसत असे, सबब माझा कोणताही हक्क नाही. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली होती आणि मान खाली घालून ऐकत होते. सोबत कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स होत्या. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण आईचं अक्षर त्यांनी ओळखलं, त्यावरून बोट फिरवलं. "खरंच शे ताई," म्हणाले, "दर साल दिधी मी." सही करण्याआधी तुम्हीही एखाद्या वकिलाला विचारा, असं मी म्हटलं. अगदी हळू म्हटलं. सही केली नाही तर गाळा मिळू शकतो, हे वाक्य मात्र मी तोंडात घोळवत राहिले आणि गिळून टाकलं. त्याऐवजी म्हटलं, इमारत होऊ द्या, तुमची जागा मी देते, माझा शब्द आहे. "मंग झालं तर," ते म्हणाले आणि सही केली. त्यांचा शब्द मी मुद्रांकावर उतरवून घेतला, आणि माझा मात्र तोंडीच ठेवला. त्या वेळी हे लक्षात आलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं.

इमारत झाली. सहा मजली, लिफ्टची. मी सोसायटीच्या पहिल्याच सभेत विषय काढला, खाली एका कोपऱ्यात इस्त्रीवाल्यांना बसू द्यावं. लोक वाईट नव्हते. पण कोळसा म्हणजे आगीची भीती, पार्किंगमध्ये धंदा करता येत नाही, एकाला दिलं तर उद्या दहा येतील. मी म्हटलं, मग माझ्या वाट्याच्या पार्किंगमध्ये बसू दे. वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, मॅडम, पार्किंग तुमच्या नावावर असलं तरी गाडी लावण्यासाठीच, दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. म्हणजे माझी असूनही ती जागा मला देता येत नव्हती. जुनं घर होतं तेव्हा आई एका शब्दात 'टाका' म्हणाली होती, आणि मी नोंदणीचे पन्नास कागद कपाटात ठेवून तेवढं म्हणू शकत नव्हते. हे असं कसं झालं, मला अजून नीट कळलेलं नाही. भांडायला हवं होतं का? एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले, तिसऱ्या सभेला गुडघ्याचं निमित्त करून गेले नाही.

भाऊ एकदाच आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. रखवालदाराने वहीत नाव लिहायला लावलं, ते त्याच्याकडूनच लिहवून घेऊन वर आले. सोफ्याच्या कडेला बसले. मी सगळं सांगितलं, सभा, आग, नियम. मधेमधे मी माफ करा म्हणत होते. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, लेक मालेगावला यंत्रमागावर आहे, त्याच्याकडे जातो, तिथे कोणीतरी बसू देईल. उठले, बाल्कनीतून सहज खाली बघितलं. गाड्यांच्या रांगेत एक चौकट मोकळी होती, पिवळ्या रेघांची, आत माझ्या फ्लॅटचा आकडा.

"ती तुमनी जागा का? तठे काय ठेवतस तुम्ही?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणे मारणारा तो माणूसच नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, काही नाही भाऊ, मला गाडी नाही.

ते मान हलवून गेले. त्यालाही आता दोन पावसाळे झाले. कागद तपासला तर एकही शब्द खोटा सापडणार नाही, ना त्यांचा, ना आईचा, ना वकिलांचा. खोटं काय ते मी न बोललेलं वाक्य, आणि त्याला कायद्यात काय म्हणतात ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या येऊन लागतात, माझी चौकट तेवढी मोकळी राहते. कोणाकडे पाहुणे आले की रखवालदार इंटरकॉमवर विचारतो, मावशी, तुमच्या जागेवर लावू का त्यांची गाडी, रिकामीच आहे. हो म्हणायला माझं काहीच जात नाही. तरी दर वेळी मी नाही म्हणते. का म्हणून त्याने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं, ती जागा मी एकाला कबूल केलेली आहे.