आमच्या ऑनलाइन बी.ए.ची पहिली बॅच

पेणच्या अभ्यासकेंद्रात काम करायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, ऑनलाइन कोर्स म्हणजे किस्से संपले. वर्ग नाही, बाक नाहीत, मागच्या बाकावरचे नाहीत, मग घडणार काय? पण पहिल्याच बॅचने इतकं काही साठवून दिलं की आता जेवायला बसलो की बायको आधीच म्हणते, "दोन घास खा, मग सांग." चौघांचंच सांगतो. सगळ्यांचं सांगायला बसलो तर भाजी पार थंड होईल.

*

प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद द्यायचो. ऑनलाइन शिकायला काय काय लागतं त्याची यादी. स्मार्टफोन, इंटरनेट, ईमेल, रोजचे दोन तास.

सुगंधाताईंनी तो कागद उभ्या उभ्या वाचला. वय एकेचाळीस, बारावी होऊन बावीस-तेवीस वर्षं झालेली. पेणमधल्या एका गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम करायच्या. म्हणाल्या, "फोन हाय, नेट हाय. रोजचे दोन तास कुणाकडं असतात, सर?"

मी ती ओळ खोडून "जमेल तसे" असं लिहून दिलं.

पहिल्याच आठवड्यात त्या तीनदा पासवर्ड विसरल्या. चौथ्यांदा मी म्हटलं, "लिहून ठेवा ताई, पण कुणाच्या नजरेस पडणार नाही असा." त्यांनी तो कारखान्याच्या भिंतीवर खडूने लिहिला, ऑर्डरींच्या यादीखाली. मी कपाळाला हात लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती भित कोण वाचत नाय, सर."

पंधरा दिवसांनी शेजारी बसून रंगकाम करणारी कुंदा त्यांना म्हणाली, "सुगंधा गो, तुझा तिसरा धडा मी ऐकला. दुसऱ्यापेक्षा बराय."

पुढच्या वर्षी कुंदाचा फॉर्म मीच भरला.

*

प्रतीक्षा कासूजवळच्या एका गावातली. एकोणीस वर्षांची, बोलायला कमी, पण एकही तास चुकवायची नाही. तिच्या घरात नेटवर्क नव्हतं, म्हणून ती कासू स्टेशनच्या बाकावर येऊन बसायची. मी प्रश्न विचारला की कधी कधी उत्तर यायचं, "सर, गाडी जाऊ द्या." मग आम्ही सगळे गाडी जायची वाट बघायचो. पुढे पुढे तर रोह्याला जायचं असलं की बाकीचे तिलाच विचारायचे, गाडी वेळेवर आहे का.

पहिली ऑनलाइन चाचणी पाऊण तासाची होती आणि पॅसेंजर नेमकी मध्येच येणार होती. गाडीच्या आवाजाची आता तिला सवय झाली होती. भीती होती ती उतरणाऱ्या माणसांची. दोन पावलांवर उभे राहून लोक फोनमध्ये डोकावायचे आणि "काय करतेस गो?" म्हणून विचारायचे.

ती बाकावर घाबरून बसलेली बघून तिकीट खिडकीवरचे काका बाहेर आले. रोज बघून त्यांना सगळं ठाऊक झालं होतं. म्हणाले, "पोरी, आज गाडी अर्धा तास लेट हाय. निवांत लिही."

उशिरा आलेल्या गाडीबद्दल देवाचे आभार मानणारी दुसरी विद्यार्थिनी मला अजून भेटलेली नाही.

*

वंदनाताई रोह्याजवळच्या. घरची भातशेती, भात निघालं की वाल. लग्नानंतर तेरा वर्षांनी शिकायला लागलेल्या. सासूबाईंना हे कितपत पसंत आहे, याची त्यांना धास्ती होती, म्हणून सुरुवातीला त्या गोठ्याच्या मागे बसून तास ऐकायच्या.

एका सकाळी मी हजेरी घेत होतो. वंदनाताईंचं नाव घेतलं तर खणखणीत म्हातारा आवाज आला, "ती कापणीला गेलीय. तिच्या जागेवर मी बसलेय. तुम्ही बोला, मी सांगीन तिला."

मी म्हटलं, "आजी, हा इतिहासाचा तास आहे."

"मंग? माझं काय कमी वय हाय?"

त्या पूर्ण तासभर बसल्या. संध्याकाळी वंदनाताईंचा फोन आला. सासूबाईंनी धडा बरोबर सांगितला होता, फक्त शेवटी स्वतःचं मत जोडलं होतं. आणि म्हणाल्या होत्या, "गोठ्यामागं कशाला बसतेस? पडवीत बस. मला पण ऐकू येईल."

*

नीलेशचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो डोलवीच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर होता. आठवड्याला शिफ्ट बदलायची. तिसऱ्या महिन्यात त्याने तासाला यायचं बंद केलं. दोन स्वाध्याय आले नाहीत. मी फोन केला.

"सर, मी सोडलं."

"शिफ्टमुळे?"

तो म्हणाला, "शिफ्टमधनं वेळ काढला असता. मला अर्थशास्त्र समजत नाय. बाकी सगळ्यांना समजतं."

"कशावरून?"

"कोण काय विचारतच नाय ना."

त्या वाक्याने मला चटका बसला. मलाही तसंच वाटत होतं. कोणी विचारत नाही म्हणजे आपण बरं शिकवतो आहोत, असं धरून मी तीन महिने बोलत सुटलो होतो. मी त्याला म्हटलं, "रविवारी एकदाच ये. नुसतं ऐक."

रविवारी मी सरळ विचारलं, "आतापर्यंतचं अर्थशास्त्र कोणाकोणाला समजलेलं नाही?" स्क्रीनवर सगळे काळे चौकोन. तेवढ्यात सुगंधाताईंचा आवाज आला.

"सर, मला पहिल्या दिवसापासनं काय समजलं नाय. मला वाटलं, शेवटी सांगत असतील."

कोणीतरी हसलं. मग एकेक माईक उघडत गेला. "मला पण, सर." "सर, मला पण." प्रतीक्षासुद्धा बोलली, आणि त्या वेळी गाडीही नव्हती.

सगळ्यांचं झाल्यावर चॅटमध्ये नीलेशची एक ओळ आली: "मी सोडलं नाय."

*

तेव्हापासून दर रविवारी ज्यांना जमेल त्यांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. केंद्र बंद असायचं, म्हणून सुगंधाताईंच्या कारखान्याच्या मालकांनी तिथला एक कोपरा दिला. अर्धवट रंगवलेल्या मूर्तींच्या मध्ये आम्ही गोणपाटावर बसायचो.

मी 'मागणी' शिकवत होतो. भिंतीवर खडूने आलेख काढला, दोनदा समजावला. नीलेशचा चेहरा तसाच. सुगंधाताईंनी ब्रश खाली ठेवला.

"नीलेश, चतुर्थीच्या आदल्या दिवशी हितं किती गर्दी असते?"

"पाय ठेवायला जागा नसते."

"आणि चतुर्थी झाल्यावर दुसऱ्या दिवशी ह्यातली एक मूर्ती तुला फुकट दिली, तर नेशील?"

"नाय. मी काय करू तिचं?"

"झालं तर मग. तीच मूर्ती, तेच डोळे. मागणी गेली."

नीलेशने वहीत लिहून घेतलं. मीही घेतलं. अजून तसंच शिकवतो.

*

शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर रोह्याला होता, अकरा वाजता. नीलेशची आदल्या रात्री तिसरी शिफ्ट होती, बदलून मिळाली नाही. तो सकाळी कामावरून सुटला आणि तसाच एसटीत बसला. वंदनाताईंनी त्याला आधीच घरी बोलावून ठेवलं होतं. गरम पाणी, भाकरी, आणि पडवीत सतरंजी.

"तासभर पड," त्या म्हणाल्या.

"जाग नाय आली तर, ताई? वर्ष जाईल माझं."

सासूबाई काठी घेऊन त्याच्या उशाशी बसल्या. बरोबर तासाने काठी आपटून म्हणाल्या, "ऊठ रं. हे काय लेक्चर नाय, झोपून ऐकायला."

नीलेश दुसऱ्या श्रेणीत पास झाला. वंदनाताई पहिल्या श्रेणीत.

*

पदवीदान समारंभही ऑनलाइनच झाला. सुगंधाताईंचं नाव पडद्यावर आलं आणि दोन सेकंदांत वर सरकून गेलं. कारखान्यातल्या बायका फोनभोवती जमल्या होत्या, त्यातल्या निम्म्यांना ते दिसलंच नाही.

प्रमाणपत्रं केंद्रावर आली तेव्हा सुगंधाताईंचं मी स्वतःच कारखान्यात घेऊन गेलो. सणाचे दिवस जवळ आलेले, सगळ्यांचे हात रंगाने भरलेले. सुगंधाताई एका मोठ्या मूर्तीसमोर बसल्या होत्या. उजवा डोळा आखून झाला होता. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थांबा सर. एक डोळा करून उठता येत नाय."

मी प्रमाणपत्र धरून उभा राहिलो. कुंदा उठून उभी राहिली, मग बाकीच्या बायका, मग मालकही. सुगंधाताईंनी दुसरा डोळा सावकाश पुरा केला. मग बाहेर जाऊन साबणाने हात धुतले, पदराला कोरडे केले आणि प्रमाणपत्र हातात घेतलं.

"वाच गो," कुंदा म्हणाली. "मोठ्यानं."

त्यांनी आपलं नाव वाचलं. खालची ओळ वाचताना थांबल्या. तिथे त्यांच्या आईचं नाव छापलेलं होतं. आई ह्याच कारखान्यात माती मळायची, आयुष्यभर अंगठा लावायची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

सुगंधाताईंनी आईचं नाव वाचलं. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "परत एकदा वाचू?"

मालक म्हणाले, "वाच की. घाई कुणाला हाय?"