बंद लाइनवरची गुणगुण

पूर आला तेव्हा मी इंजिनिअर्समध्ये हवालदार होतो, ट्रेड इलेक्ट्रिशियन. कंपनीला हुकूम आला: पेण, नागोठणे, रोहा, फ्लड रिलीफ. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझी ड्यूटी माझ्याच तालुक्यात लागली. मी पेणचा. माझ्या पार्टीतला लान्स नायक भोईर रोह्याचा, कुंडलिकेकाठचा. ट्रकमध्ये तो म्हणाला, "उस्ताद, काम संपलं की घरी चला. आईच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय सोडणार नाय." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीकडच्या एका गावात पोचलो. अकरा हजार व्होल्टची तार तुटून रस्त्यावर पडली होती. पलीकडच्या वाडीत माणसं छपरांवर बसली होती आणि आमचे बोटींचे ट्रक तारेअलीकडे अडले होते. पाऊस थांबला होता. पाणी रस्त्याच्या दोन्ही कडांना लागलं होतं. मला ती जागा आवडली नाही, का ते सांगता येणार नाही.

दोन खांबांपलीकडे ट्रान्सफॉर्मर होता. आपल्याकडे लोक त्याला डीपी म्हणतात आणि खुशाल त्याखाली बकऱ्या बांधतात. आत तेलात बुडालेला लोखंडी गाभा असतो आणि त्यावर तारेचे दोन गुंडाळे. त्यांचा एकमेकांना स्पर्श नसतो. एका गुंडाळ्यातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, त्याने लोखंडातलं चुंबकत्व उलटसुलट होतं आणि दुसऱ्या गुंडाळ्यात वीज तयार होते. वेढे जास्त तर व्होल्ट जास्त. वीज लांब न्यायची तर व्होल्ट चढवतात, म्हणजे करंट कमी राहतो आणि तार तापून वीज वाया जात नाही. गावाजवळ पुन्हा उतरवतात. अकरा हजाराचे घरात दोनशे तीस होतात. लोखंड त्या ठेक्यावर थरथरतं, तीच आपल्याला ऐकू येणारी गुणगुण. रिक्रूटांना मी एक गोष्ट बजावून सांगायचो. ह्या डब्याला वरची बाजू, खालची बाजू काही कळत नाही. खालून दोनशे तीस घाला, वरून अकरा हजार निघतील.

सव्वानऊला रेडिओवर सबस्टेशनमधल्या आमच्या जवानाशी बोललो.

"लाइन बंद?"

"बंद. स्विचला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. ओव्हर."

गावाच्या तोंडाशी माझा मावसभाऊ बाळूदादा भेटला. त्याचा गणपतीचा कारखाना उंचावर, म्हणून कोरडा राहिला होता. बाकी घरांत पाणी शिरलं होतं आणि लोकांनी मेन स्विच पाडून ठेवले होते.

"लाइट कधी येल रे? रंग सुकत नाय. मुंबईची गाडी पाच दिवसांवर आली."

"संध्याकाळपर्यंत नाय येणार, दादा. आम्हीच बंद केलीय."

"बरा झाला सांगितलास."

तुटलेल्या तारेला हात लावण्याआधी दोन्ही टोकांना अर्थिंगची चेन लावायची असते. चुकून वीज आलीच तर ती चेनमधून जमिनीत जाते. आमच्याकडे एकच चेन होती, दुसरी रोह्याच्या पार्टीकडे. सबस्टेशनकडच्या टोकाला मी ती लावली.

भोईरने दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "उस्ताद, ह्या बाजूला?"

"त्या बाजूला नुसता डीपी आहे. तिकडून काय येणार? उचल."

हे मीच बोललो. रिक्रूटांना शिकवणारा मी. आजही लाज वाटते.

दहा वाजून दहा मिनिटांनी मला गुणगुण ऐकू आली. बारीक, डास कानाशी यावा तशी. बंद लाइनवरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत नाही.

"भोईर, हात लावू नको!"

तोपर्यंत त्याने तार धरली होती. लगेच गुणगुण थांबली. चाळीस मिनिटं आम्ही त्याची छाती दाबत राहिलो. मग कंपनीबरोबर आलेल्या डॉक्टरसाहेबांनी माझे हात बाजूला केले.

बाळूदादाने पंख्यांसाठी जनरेटर लावला होता. सीझनमध्ये तिकडे बरेच जण लावतात, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून. एरवी तो आधी मेन स्विच पाडायचा, कारण मध्येच लाइट आली तर जनरेटर जळतो. त्या दिवशी पाडला नाही. लाइट येणारच नव्हती. जनरेटरची वीज मेनमधून बाहेर पडली, वाटेत खायला दुसरं घर नव्हतं, ती थेट ट्रान्सफॉर्मरमध्ये खालून शिरली. भोईरने तार धरताच त्या भाराने जनरेटर बंद पडला.

"मी रोज मेन पाडतंय रे," बाळूदादा म्हणाला. "तूच बोललास ना, संध्याकाळपर्यंत..."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, ती योग्यच होती. मग रोह्याला जाऊन त्याच्या आईलाही सांगितलं. चेनचं आणि बाळूदादाशी बोललो तेही. तिने ऐकून घेतलं. मग उठून भाकऱ्या थापायला बसली.

आता मी रिटायर झालोय. दर वर्षी त्या तारखेला पेणहून एसटीने रोह्याला जातो. तिच्या घरासमोरच डीपी आहे. मागच्या खेपेला जेवताना त्याची गुणगुण थांबली आणि घरात अंधारलं.

"तू विजेतला माणूस," ती म्हणाली. "लाइट कधी येल रे?"

येताना नाक्यावर लाइनमनची गाडी पाहिली होती. तासाभराचं काम आहे, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"सांगता येत नाय, आई," मी म्हटलं.

भोईर गेल्यापासून लाइट कधी येणार ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.