पेनड्राइव्हमधलं पावणं आणि तळेघरची चूल

आमच्या वर्कशॉपात किस्से साठवावे लागत नाहीत, लोखंडाच्या किसासारखे आपोआप कोपऱ्यात जमतात. दिवाळीला साफसफाई करायची म्हणून झाडू हातात घ्यावा आणि पहिला किस्सा आठवून तिथंच बसकण मारावी, असं दरवर्षी होतं. कोपरा तसाच राहतो.

वर्कशॉप वारूळवाडीत आहे. मालक माझा चुलतभाऊ, दत्ताभाऊ. वेल्डिंगला त्याचा हात धरणारा जुन्नर-आंबेगावात नाही, हे मी नाही, तोच सांगतो! कांदा चाळीला हवा मारणारे पंखे, धुराडी, भट्ट्यांचे हूड, असलं सगळं आम्ही बनवतो. ड्रॉइंग शुभांगी काढते. ती मंचरहून स्कूटीवर येते आणि आमच्या तिघांत डोकं जागेवर असलेली ती एकटीच. मी पुण्यात दहा वर्षं कंपनीत हवा कुठून कुठं वाहते हे कॉम्प्युटरवर बघायचं काम केलं आणि गावी परत आलो. म्हणून मी ‘इंजिनेर साहेब’. साहेब हा शब्द दत्ताभाऊ कसा उच्चारतो ते ऐकायलाच पाहिजे.

कंपनीतलं सॉफ्टवेअर कंपनीतच राहिलं. मग एका जुन्या मित्रानं मला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात अख्खी लिनक्स सिस्टिम तयार होती. हवा, पाणी, धूर यांच्या वाहण्याचं गणित करणारी सगळी मोफत, खुली सॉफ्टवेअरं आधीच बसवलेली. पेनड्राइव्ह लावायचा, कॉम्प्युटर चालू करायचा, की लागलीच काम सुरू. मूळ कॉम्प्युटरला धक्कासुद्धा लागत नाही. पेनड्राइव्ह काढला, परत चालू केला, की आपला जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा.

हे मी दत्ताभाऊला तीनदा समजावलं. त्याला कळलं ते घोडेगावात!

झालं असं, की त्याला कसलासा उतारा छापून आणायचा होता. टेबलावरून त्यानं चुकून माझा पेनड्राइव्ह उचलला. घोडेगावच्या दुकानदारानं तो लावला, तेवढ्यात वीज जाऊन आली, कॉम्प्युटर नव्यानं सुरू झाला आणि समोर भलतंच निळं चित्र! दुकानदाराचे कागद नाहीत, फोटो नाहीत, काहीच नाही.

“माझं अख्खं दुकान पुसलं तुमी!” दुकानदार ओरडला. मागं रांगेतले लोकही ओरडायला लागले. दत्ताभाऊनं मला फोन लावला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“पेनड्राइव्ह काढ आणि परत चालू कर,” मी म्हणालो.

दोन मिनिटं फोनवर नुसता रांगेतला गलका ऐकू येत होता. मग लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. सगळं परत आलं होतं. दुकानदारानं वर चहा पाजला म्हणे.

“पावणं हाय ते,” परत आल्यावर दत्ताभाऊ म्हणाला. “आलं, बसलं, आन घरातलं कायबी न हलवता गेलं.” तेव्हापासून त्या पेनड्राइव्हचं नाव पावणं. पुन्हा चुकून कुणी उचलू नये म्हणून त्यानं त्याला बैलाच्या माळेतलं एक पितळी घुंगरू बांधलं. आता पावणं हललं की ऐकू येतं.

पण पाहुण्याची दुसरी बाजू मला लवकरच कळली. असं पेनड्राइव्हवरून चालवलेलं काम मुद्दाम कुठं जपून ठेवलं नाही, तर कॉम्प्युटर बंद पडताच सगळं जातं. हे मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीतच माणूस जास्त फसतो. सलग दोन दिवस गणित चाललं होतं, शेवटचा तास उरला होता आणि वीज गेली. दोन दिवसांचं काम गायब! मी डोकं धरून बसलो.

दत्ताभाऊ वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “पावणं जेवून गेलं, ते ताट बी घेऊन गेलं!”

गणित चालू असतं तेव्हा काळ्या पडद्यावर आकडे नुसते पळत असतात. एकदा एक गिऱ्हाईक पंधरा मिनिटं ते बघत उभं राहिलं. शेवटी हळूच मला विचारलं, “राव, दहावीचा निकाल लागतोय का? माझ्या भाच्याचा नंबर देऊ?”

आळे गावचे नामदेवतात्या हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या कांदा चाळीत एका टोकाचा कांदा दरवर्षी सडायचा. चाळ पंधरा मीटर लांब. शुभांगीनं ड्रॉइंग दिलं, मी ते पावण्याच्या स्वाधीन केलं, आणि निकाल बघून मलाच घाम फुटला. पंख्याची हवा पहिल्या वितीतच मरत होती. टोकापर्यंत काहीच जात नव्हतं.

“तात्या, एका पंख्यानं भागणार नाही. बारा लागतील,” मी गंभीर तोंडानं सांगितलं.

“बारा?” तात्या म्हणाले. “कांदा वाळवायचाय का उडवायचाय?”

शुभांगी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडं बघत होती. तिचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं. पावणं सगळं मीटरमध्ये वाचतं. मधलं रूपांतर मी करायचं होतं आणि तेच विसरलो होतो. “सर,” ती शांतपणे म्हणाली, “आपली चाळ पंधरा किलोमीटर लांब झालीय.”

तात्यांनी मनातल्या मनात रस्ता मोजला. “म्हंजी आळ्यातनं निघून पार तुमच्या दुकानाच्या दारात? आवो, मग मला कांदा घालायला यष्टीनं जावं लागंल की!”

चाळ पुन्हा पंधरा मीटरची केली आणि एका पंख्यात काम झालं. बारा पंखे बसवून झाल्यावर हे कळलं असतं तर? मी आजही तो विचार पुढं नेत नाही.

आता तळेघरचं सांगतो. बाकीचे किस्से हसण्यावारी गेले, पण या वेळी माझी खरंच तंतरली होती.

तळेघरच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यापासून बरंच चालून गेल्यावर, एका वाडीवर शाळा आहे. एकच मोठा वर्ग, एकच गुरुजी, आणि भिंतीला लागून स्वयंपाकाची खोली. पावसाळ्यात गॅसची गाडी वर येईल याचा भरवसा नाही, म्हणून चूल. तिच्यावर धुराडं बसवायचं काम आमच्याकडं आलं. पोरांचा भात हौसामावशी शिजवतात. शाळेचं जेवण म्हणजे हौसामावशी आणि हौसामावशी म्हणजे खोकला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या धुरात कुठं आहेत ते खोकल्यावरूनच समजत होतं.

“घोडेगावच्या डाक्टरनं सांगितलंय, चूल सोड,” त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “ह्या पावसाळ्यात पुन्हा धुरात बसलीस तर मी वषाद देनार न्हाई म्हनला. मी सोडली तर पोरास्नी घालील कोन? खालून कोनी चढून येत न्हाई दादा.”

तो धूर भिंतीवरच्या फटीतून वर्गातही जायचा. गुरुजींना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद होतं. “घड्याळ हवंय कशाला?” ते हसून म्हणाले. “डोळे चुरचुरायला लागले की समजायचं, भात चढला. तो तास संपवायचा आणि घंटा द्यायची. इतकी वर्षं एक दिवस चुकलेलं नाही!”

दत्ताभाऊनं खोलीचं माप घेतलं, पत्र्यावर हात फिरवला आणि मला बाजूला नेलं. “हे बघ. पत्र्याला एकच भोक पाडनार. ते चुकलं तर दुसरं पाडायचं आन पयलं बुजवायचं. हितला पाऊस तुला ठावं हाय. बुजवलेल्या भोकातनं चार म्हयनं चुलीवर पानी. मग धूर बी आन पानी बी.” मग दोन बोटांची कात्री करून म्हणाला, “पत्रा कापला की कापला. त्याला टाका घालता येत न्हाई.”

मी आठवडाभर पावण्याला घेऊन बसलो. या तयार सिस्टिममध्ये नमुन्याची उदाहरणं असतात. त्यातलंच एक गरम हवेचं उदाहरण उचललं, त्यात आमची खोली बसवली, चूल बसवली. निकाल आला आणि मी खुर्चीतून उठून नाचलो. धूर चुलीतून निघून सरळ खिडकीच्या भिंतीकडं जात होता. भिंतीलगत, पत्र्याच्या अगदी काठाला धुराडं बसवलं की सगळा धूर बाहेर! इतकं सोपं?

इतकं सोपं निघालं तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आम्ही धुराडं घेऊन वर गेलो. दत्ताभाऊ कटर घेऊन पत्र्यावर चढला, खडूनं काठाला गोल आखला. मी खाली लॅपटॉप उघडला, म्हटलं मावशींना दाखवावं तरी. घुंगरू वाजलं, पावणं बसलं, पडद्यावर धूर हलायला लागला.

मावशींनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा चुलीकडं. मग मान वाकडी करून परत पडद्याकडं.

“दादा,” त्या म्हणाल्या, “ही चूल आडवी पडलीया का?”

“आडवी कशी पडेल मावशी?”

“मग धूर भिंतीकडं कसा निघाला? धूर आधी वर जातो. पत्र्याला लागतो, मग फिरून माझ्या तोंडावर येतो. तीस वर्सं बघतीया मी.”

मी घाईघाईनं एकेक फाईल उघडून बघितली. नमुन्याच्या उदाहरणात खालची दिशा कुठली ते एका छोट्या फायलीत लिहिलेलं असतं. त्यांची खालची दिशा वेगळी, आमच्या ड्रॉइंगची वेगळी. मी सगळं बदललं होतं आणि ती एक ओळ तशीच राहिली होती. माझ्या गणितात पृथ्वी खिडकीसमोरच्या भिंतीत होती आणि अख्खी खोली कुशीवर झोपली होती!

वरून कटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मी धावत अंगणात गेलो आणि जीव खाऊन ओरडलो, “दत्ताभाऊ, थांब! कापू नकोस!”

कटर थांबला. “का रं? काय झालं?”

“गुरुत्वाकर्षण चुकलं!”

दत्ताभाऊ पत्र्यावर मांडी घालून बसला. “मंग मी आता पडतो का उडतो, तेवढं सांग इंजिनेर साहेब!”

पत्र्यावर फक्त एक ओरखडा उमटला होता. मी उंबऱ्यावर बसून घेतलं. मावशींनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. इतकं गोड पाणी मी त्याआधी प्यायलो नव्हतो.

शाळेच्या पडवीत टेबल टाकलं, ती ओळ दुरुस्त केली आणि गणित पहिल्यापासून लावलं. या वेळी जपून ठेवायचं आधी बघितलं. मावशी मांडीवर तांदळाचं सूप घेऊन शेजारी बसल्या, निवडता निवडता पडद्यावर नजर. दुपार कलली तसा धूर वर गेला, पत्र्याला लागला आणि फिरून खाली आला.

“आता बराबर,” मावशी म्हणाल्या. “आता माझी चूल हाय.”

मग धुराड्याची खरी जागा सापडली. चुलीच्या बरोबर वर नाही, वीतभर मागं. खाली जमिनीलगत हवा आत यायला एक जाळी, आणि धुराडं छपराच्या पाख्याच्या टोकापेक्षा उंच. दत्ताभाऊनं जुना खडू पायानं पुसला, नवा गोल आखला आणि माझ्याकडं बघितलं. मी मावशींकडं बघितलं. मावशींनी मान हलवली. मगच पत्रा कापला.

तरीही शाळा सुरू होईपर्यंत मला चैन नव्हतं. पडद्यावरचा धूर माझं ऐकतो, खऱ्या धुरावर माझा काय हक्क? शाळा उघडल्याच्या दिवशी दत्ताभाऊला घेऊन मी वर गेलो. पाऊस लागलेला, वाट निसरडी. पोचलो तर वर्गात पोरांचे पाढे चाललेले. मी पडवीत बसून राहिलो. स्वयंपाकाच्या खोलीत जायचा धीर होईना.

बाराचा पाढा झाला. पंधराचा झाला. एकोणीसचा सुरू झाला तेव्हा पोरांचे आवाज भुकेनं रडकुंडीला आले होते. घंटा काही होईना. मोबाइलमध्ये बघितलं, जेवणाची वेळ होऊन अर्धा तास उलटून गेलेला. नक्कीच काहीतरी बिनसलं, चूल पेटलीच नाही, असं माझ्या मनानं घेतलं. आत जाऊन बघितलं.

हौसामावशी पाटावर निवांत बसल्या होत्या. समोर भाताचं पातेलं झाकलेलं, आमटी उतरवून ठेवलेली, चुलीत विस्तव. खोलीचे चारही कोपरे दिसत होते. मी एवढा वेळ उभा होतो, त्या एकदाही खोकल्या नाहीत. माझे डोळे भरून आले आणि त्याला धूर कारण नव्हता.

“सर आज लई शिकवत्यात,” मावशी म्हणाल्या आणि हातात पळी घेऊन तरातरा वर्गाच्या दारात गेल्या. मी आणि दत्ताभाऊ मागोमाग.

“सर, भात गार व्हाया लागला. पोरं सोडताय का न्हाई?”

गुरुजींनी खडू खाली ठेवला, भिंतीच्या फटीकडं बघितलं आणि दोन्ही डोळे बोटांनी चाचपले.

“थट्टा करता का मावशी? आधी चूल तरी पेटवा!”