अक्काला सापडलेलं नाणं

कापसाच्या निंदणीत नाणं सापडलं ते अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला. भडगावच्या अलीकडे, गिरणेकाठच्या आमच्या शेतात. शेजारच्या ओळीत मीच होते. खुरप्याला काही टणक लागलं, तिनं माती झटकली आणि चांदीचा काळवंडलेला, झिजलेला तुकडा मला दाखवला.

घरी आल्यावर ते नानांच्या हातात गेलं. नाना म्हणजे तिचे यजमान. आमच्या घरात चांगलं काही निघालं की ते त्यांनाच सापडतं. दुसऱ्याच दिवशी पारावर त्यांची कथा सुरू झाली, आणि आठवड्याभरात शेताखालून राजवाडा निघायचा तेवढा बाकी राहिला. अक्काला नाणं नको होतं. सरकारदरबारी नोंद होईल तेव्हा सापडलं कुणाला, तिथं आपलं नाव लागावं, एवढंच. तसं तिनं सांगितलंही. बाईमाणसाचं नाव कशाला, म्हणून नाना हसले. मला असा राग आला म्हणून सांगू!

नोंद करायला जळगावहून साहेब येणार म्हटल्यावर तर नानांच्या अंगात आलं. काळं नाणं पाहुण्यापुढे ठेवायचं कसं? दिवाळीत देव उजळतात तसं त्यांनी ते चिंच आणि राख लावून घासलं. अक्का नको नको म्हणत राहिली. जन्मात एक वाटी न घासलेला माणूस, पण त्या दिवशी काय तो जोर! नाणं लखलखलं, उरलीसुरली अक्षरं गेली.

साहेबांनी आल्याआल्या नानांचं नाव लिहून घेतलं. मग नाणं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. निदान आधी यावर काय होतं ते तरी सांगा, म्हणाले. नाना छताकडे बघू लागले. त्यांनी ते नीट पाहिलंच कुठे होतं! साहेबांनी मग चहा घेऊन आलेल्या अक्काला विचारलं.

"ज्यानं नाव तुम्ही लिखं, त्याले इचारा," ती म्हणाली.

मला आतून उकळ्या फुटत होत्या. शेवटी नाना पुटपुटले, "हिलेच सापडनं."

साहेबांनी नाव खोडलं आणि तिचं विचारलं. नाना सांगायला सरसावले, पण अक्कानं स्वतःच सांगितलं, खणखणीत. मग ती खाली बसली. मधे फूल होतं, कडेनं वळणावळणाची अक्षरं होती, सगळं तिनं फरशीवर बोटानं काढून दाखवलं. साहेब लिहीत गेले आणि लिहून झाल्यावर उठू लागले.

"थांबा साहेब," अक्का म्हणाली. "घासनारनं नाव बी लिखी ल्या."