मावशीच्या अल्बमचा पहिला श्रोता

आमच्या मावशीने पंचावन्नाव्या वर्षी सिंथ-पॉप अल्बम काढायचं मनावर घेतलं, तेव्हा घरातल्या शहाण्यांनी एकमेकांकडे सूचक नजरेने पाहिलं. मी शहाण्यांत नव्हते. तिचा सिंथेसायझर चौथ्या मजल्यावर चढवणाऱ्या हमालांत होते.

मावशी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून येणारे बहाद्दर तिच्यापुढे टिकत नाहीत. ती हळूच तक्ता बदलते आणि गिऱ्हाईक जुनीच अक्षरं ठणकावून वाचतं. हे सगळं ती आम्हाला साभिनय करून दाखवते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सिंथ मांडून ती गाणी रचायची. स्वतःच्या घोगऱ्या आवाजाची तिला लाज वाटे, म्हणून यंत्राने तो चढवून चढवून पार सोळा वर्षांचा करून टाकायची. पहिला श्रोता कायम काका. काकांचा जन्म कारखान्यात लेथ मशीनच्या कर्कश आवाजात गेला. ते हेडफोन लावायचे, डोळे मिटून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "छान." त्या एका शब्दाच्या जिवावर मावशीची गाडी पुढे चालली होती.

एका रविवारी माझ्यादेखत ती हेडफोनची पिन लावायलाच विसरली. काकांची मान डोलतच होती.

"कसं वाटलं?" मावशीने विचारलं.

"छान. शेवटी जरा लांबलंय."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. मावशीने मात्र ती मोकळी पिन त्यांच्या नाकासमोर धरली.

"अहो, कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"जाडे आवाज येतात की," काका ओशाळून म्हणाले. "बारीक तेवढे कानात शिरत नाहीत. तू इतक्या हौसेने विचारायचीस, काय सांगणार?"

"दिवसभर लोकांची सोंगं पकडते मी, आणि घरातलंच दिसलं नाही!"

मग अबोला. थापांचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत एकही गाणं पोचलं नाही, हे तिला लागलं होतं. ते मलाही लागलं.

शेवटी तिने सगळा अल्बम नव्याने गायला घेतला, खालच्या पट्टीत, आपल्या घोगऱ्या आवाजात. मिक्सिंगवाला कुरकुरला, "मावशी, लोकांना उंच आवाज आवडतो."

"लोकांचं नंतर बघू," मावशी म्हणाली.

पुन्हा हेडफोन लागले. या वेळी पिन मी स्वतः तपासली. काकांनी सवयीने डोळे मिटले, पण मान काही डोलेना. मावशीने माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या कडव्यापाशी काकांनी खाडकन डोळे उघडले आणि कानांवर हेडफोन तसेच ठेवून ओरडले, "अगं, मी कधी घोरतो?"

मावशी आधी खो खो हसली, मग तिला रडूच कोसळलं.

"रोज," ती म्हणाली. "रोज घोरता."